केसांना मुरड

दाखव बघू तो फोटो परत. अगं, मोबाईल जरा लांब धर, चाळिशी लागलीय मला. हं! छानच आहे की. कपाळाजवळ सरळ आणि कानाच्या खाली आल्यावर सैलसर वळत गेलेले, खांद्यावर रुळणारे. पण तुझा चेहरा बघ कसा झालाय, जसं काही शेजारणीच्या डब्यातली साखर चोरताना सापडलीस. पर्म करावा वाटतोय, एवढंच ना? मग असं कुजबुजून काय सांगतेस?

तुझे केस मी लहानपणापासून बघतेय. क्लिप लावली की घसरणार, गजरा माळला की अक्षता पडायच्या आत पाठीवर लोंबणार. लोक म्हणतात, कसले रेशमासारखे सरळ केस आहेत, नशीब लागतं. लागत असेल, पण रोज तेच नशीब विंचरून माणूस कंटाळतं की! तुझी आई म्हणाली ना, मनाला जरा मुरड घाल म्हणून? मी म्हणते मनाला कशाला, केसांना घाल. फक्त त्याआधी हा वाटाणा सोलू लाग आणि माझं पुराण ऐक, कारण या बाबतीत मी एकदा सणसणीत आपटलेली बाई आहे.

२००६ साल. भावाचं लग्न. कॉलेजपासूनच माझ्या भांगात पांढरे केस डोकवायचे, म्हणून मी गुपचूप काळी मेंदी लावायची. गल्लीतल्या दुकानातली पुडी, दर महिन्याला. आणि डोक्यात आलं, वरमाईच्या मागे उभं राहायचं तर कुरळ्या केसांनी. गेले पार्लरमध्ये. तिथल्या ताईंनी सरळ विचारलं, "केसांना काही लावलंय का?" आणि खरं सांगू का, मला लाज वाटली गं. चोविसाव्या वर्षी पांढरे केस आहेत हे कसं सांगायचं? मी म्हणालो, "छे, काही नाही!" (म्हणालो म्हणजे म्हणाले. आपण कोल्हापुरातल्या बावड्याच्या बायका 'मी आलो, मी गेलो'च म्हणणार, तू हसू नको.) शेवटचं औषध डोक्यावर पडलं आणि पाचव्या मिनिटाला डोकं तव्यासारखं गरम! ताई बिचाऱ्या घाबरून धावल्या, भराभर पाणी ओतलं. टाळू वाचली. केसांचं मात्र जे व्हायचं ते झालं. लग्नाच्या अल्बममध्ये वधूवरांच्या मागे जो सुगरणीचा खोपा दिसतो ना, ती मी.

चूक कुणाची? माझी. काळ्या मेंदीच्या काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात, आणि पर्मच्या दुसऱ्या औषधात हायड्रोजन पेरॉक्साइड. त्यांची गाठ पडली की उष्णता निघते आणि केस जळल्यासारखे होतात. हे मला नंतर कळलं. पण खोटं बोलू नये हे तर आधीपासून ठाऊक होतं ना?

म्हणून पहिलं सांगणं हेच, आणि बाकी सगळं विसरलीस तरी हे विसरू नको. गेल्या दोन-तीन वर्षांत तुझ्या केसांना जे जे लागलंय ते सगळं सांगायचं. रंग, साधी मेंदी, काळी मेंदी, केराटिन, मागच्या दिवाळीत मावशीच्या मुलीनं घरी लावून दिलेलं ते 'काहीतरी', सगळं. डॉक्टरला जेवढं खरं सांगतेस त्याहून जास्त खरं. आता तू म्हणशील, ते तर कधीच धुऊन गेलं असेल. नाही गं. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो. तुझे केस पाठीच्या मध्यापर्यंत, म्हणजे टोकाचा केस चार-साडेचार वर्षांचा म्हातारा आहे. तू विसरलीस म्हणून तो विसरत नाही.

पर्म म्हणजे नेमकं काय करतात ते समजून घे, म्हणजे अर्धी भीती जाईल. तुला ब्लाऊज उसवता येतो ना? तसंच बघ. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा, आणि त्याच्या आत गंधकाचे बंध असतात, जागोजागी घातलेल्या टाक्यांसारखे. त्या टाक्यांमुळे तुझा केस सरळ आणि दुसरीचा कुरळा राहतो. पहिलं औषध, थायोग्लायकोलेट म्हणतात त्याला, यातले बरेच टाके उसवतं. केस तेव्हा रोलरवर गुंडाळलेला असतो, मऊ पडून रोलरचा आकार घेतो. मग दुसरं औषध, तेच पेरॉक्साइडवालं न्यूट्रलायझर, त्या नव्या आकारात परत टीप मारतं. संपलं. जादू नाही, शिलाई आहे.

आता हाच हिशोब पुढे ने. एकच ब्लाऊज तू कितीदा उसवशील? एकदा ठीक, दुसऱ्यांदा जपून, तिसऱ्यांदा कापडच विरतं. आणि ही गंमत ऐक: रिबाँडिंग म्हणून केस सरळ करतात ना, त्याचंही बरंचसं औषध याच घराण्यातलं. उसवायचं तसंच, फक्त रोलरऐवजी इस्त्रीनं सपाट करून टीप मारायची. म्हणजे ज्या केसांवर रिबाँडिंग झालंय त्यांवर पर्म करणं म्हणजे उसवलेलं पुन्हा उसवणं. तुझं झालेलं नाही, म्हणून मी एवढी निवांत बोलतेय. झालं असतं तर वाटाणे बाजूला ठेवून आधी तुझा कान धरला असता.

हे खूळ नवं आहे असंही समजू नको. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये कार्ल नेसलर नावाच्या जर्मन केशरचनाकारानं पहिल्यांदा यंत्रावरचा पर्म लोकांना करून दाखवला. त्याआधी प्रयोग कुणावर केले असतील? बायकोवर! कॅथरीना तिचं नाव. सुरुवातीच्या खटपटीत तो गाईचं मूत्र आणि पाणी वापरायचा असं सांगतात, आणि पहिल्या दोन खेपांना तिचे केस जळले, टाळूही भाजली. पुढे जे यंत्र झालं त्यात पितळेचे बारा रोलर, एकेक जवळजवळ ९०० ग्रॅमचा, छताला झुंबरासारखे टांगलेले, आणि बाई सहा तास खाली बसलेली. कॅथरीनाच्या नावानं खरं तर प्रत्येक पार्लरमध्ये एक नारळ फोडायला हवा.

मला त्याहून आवडते ती मार्जरी जॉयनर. अमेरिकेतली कृष्णवर्णीय बाई. मटणाचा मोठा तुकडा भाजताना आतपर्यंत आच जावी म्हणून त्यात सळ्या खुपसतात, त्या बघून तिला सुचलं की केसही असेच सळ्यांवर गुंडाळून एकदम तापवता येतील. १९२८ साली तिनं पर्मच्या यंत्राचं पेटंट घेतलं. मटणाच्या भांड्यातून अशी कल्पना खरं तर कोल्हापुरात निघायला हवी होती. पण आपलं लक्ष रश्श्याच्या तर्रीवरून हलत नाही त्याला काय करणार! दहा वर्षांनी, १९३८ च्या सुमारास, आच न लावता नुसत्या औषधावर होणारा थंड पर्म आला. आज पार्लरमध्ये थंड पर्म म्हणतात तो याच वंशातला.

आता तुझ्या कामाचं. तुझ्या डोक्यात पर्म म्हणजे जुन्या सिनेमातला तो घट्ट, डोक्याभोवती फुगलेला टोप असेल तर तो काढून टाक. रोलर बारीक तर कुरळ बारीक, रोलर जाड तर लाट मोठी, एवढं सोपं गणित आहे. तुझ्या फोटोतल्या लाटा जाड रोलरच्या आहेत, आणि मुळापासून नाहीत, कानाखालून सुरू झाल्यात. हे नीट दाखवायचं. "थोडे कुरळे करा" असं मोघम बोलायचं नाही. 'थोडे' म्हणजे तुझ्या मनात लाट असते आणि समोरच्या ताईंच्या मनात मॅगी.

प्रकार मुख्य दोन. थंड पर्ममध्ये औषध आणि रोलर, त्याचं वळण ओल्या केसांत जास्त खुलतं. दुसरा गरम, त्याला डिजिटल पर्म म्हणतात, जपान-कोरियाकडून आलेला. यात रोलर यंत्राला जोडून ठरावीक उष्णता देतात, आणि वळण केस वाळल्यावर खुलतं. सैल, मोठ्या लाटांना हा बरा, पण वेळ जास्त, पैसे जास्त आणि करणारीचा हात बसलेला हवा. तिसरं एक नाव कानावर पडेल, ॲसिड पर्म. नाव ऐकून उठून पळू नको, उलट तो सौम्य असतो, नाजूक किंवा रंगवलेल्या केसांसाठी. तुझ्यासारख्या जाड, सरळ केसांवर मात्र तो पुरेसा धरेलच असं नाही. यातलं काय घ्यायचं ते तू ठरवू नको, मीही ठरवत नाही. केस हातात घेऊन बघणारीनं ठरवायचं. आपण फक्त विचारायचं: सरळ केसांवर याआधी किती पर्म केलेत, स्वतः केलेल्या कामाचे फोटो आहेत का, आणि औषधाचा डबा माझ्यासमोर उघडाल का. फोटो इंटरनेटवरचे दाखवले तर गोड हसून घरी ये. भाव केसांच्या लांबीवर असतो, तो आधी ठरवून घे. आणि पर्मनंतरच्या शाम्पू-कंडिशनरचे पैसेही त्यातच धर, नाहीतर माझ्यासारखं होईल, पर्म महागाचा आणि धुवायला दहा रुपयांची पुडी.

बघ, आपण बावड्याची माणसं. पावसाळा आला की नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट हे चहाच्या आधी विचारतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. केसांचंही तसंच असतं, फक्त तिथं फूटपट्टी रोवलेली नसते, ती आपणच लावायची. घरी कर. एक गळलेला केस घे, पाण्यात भिजव, दोन टोकं धरून हळूच ओढ. जरा ताणला आणि सोडल्यावर परत आखडला, तर नदी पात्रात आहे, खुशाल जा. ताणलाच नाही आणि टचकन तुटला, तर इशारा पातळी. आणि ओल्या शेवईसारखा लांबत गेला, परत आलाच नाही, तर धोका पातळी ओलांडली म्हणून समज. मग पर्म नाही, सहा महिने नुसती निगा.

पार्लरमध्येही दोन चाचण्या मागून घ्यायच्या, भिडेखातर सोडायच्या नाहीत. एक, औषधाचा थेंब कानामागे किंवा कोपराच्या आत लावून दोन दिवस थांबायचं, खाज-लाली येते का बघायला. दुसरी, मानेजवळच्या आतल्या एकाच बटेवर पूर्ण पर्म करून बघायचा. जी म्हणेल "काय गरज नाही हो, आम्ही रोज करतो", तिच्याकडे भुवया करायला जा, पर्म करायला नको. आणि मधे ताप येऊन गेला असेल, डेंगी-टायफॉइड काही झालं असेल, तर थांब. तापानंतर दोन-तीन महिन्यांनी तसेही केस गळतात, आणि मग सगळं घर म्हणणार, बघ, पर्म केला म्हणून गळले. पोटुशी असशील तर आधी डॉक्टरला विचार. लाजतेस काय, मी नुसतं सांगून ठेवतेय.

"टक्कल पडेल का गं?" हे तू अजून विचारलं नाहीस, पण मघापासून ओठावर आहे. पर्म बाहेरच्या केसावर होतो, मुळावर नाही. टाळू भाजली नाही तर मुळं सुखरूप राहतात आणि त्यातनं नवा केस येणार तो तुझा तोच, सरळच. बिघडलं तर केस मधेच तुटतात, फाटे फुटतात. वाईट वाटतं, रडू येतं. मी आठ दिवस ओढणी गुंडाळून फिरले, भर मे महिन्यात! पण वाढतात गं. म्हणूनच कायमचा म्हणतात तो पर्मही कायमचा नसतो. तीन ते सहा महिने वळण छान, मग वरून सरळ केस येत राहतात. दिवाळीला केलास तर गुढीपाडव्यापर्यंत वरचे चार-पाच सेंटीमीटर परत तुझ्या आईच्या आवडीचे.

शनिवारी दुपारी जा. का ते सांगते. पर्मनंतर निदान दोन दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, क्लिप नाही, रबर नाही, कानामागे सारखं खोचायचं नाही. टीप ताजी असते. आणि तू तर रोज न्यू पॅलेसवरून गाडी मारत ऑफिसला जाणार, आधी तो तोंडाला गुंडाळायचा स्कार्फ, वर हेल्मेट. दोन दिवसांत सगळ्या लाटा चपट्या! तेव्हा सोमवारची रजा टाक, आणि मंगळवारपासून सुती स्कार्फच्या आत सॅटिनचा रुमाल बांध. हेल्मेट मात्र सुटणार नाही. केस परत येतात, डोकं येत नाही.

जायच्या आधी दोन-तीन दिवस तेल नको. कपडे जुने घाल, पुढून बटणं असलेले. कपाळाच्या कडेला व्हॅसलिन आणि कापसाची पट्टी लावतात का बघ, नाही लावली तर माग. वास येईल, नाकात झोंबेल, थोडा सडक्या अंड्यासारखाही. तो वास एक-दोन न्हाण्यांपर्यंत रेंगाळतो. पण डोक्याला आग होत असेल तर तो वास नव्हे, तो इशारा. तिथं "जरा सहन करते" हा आपला बायकांचा बाणा अजिबात नको. ओरड. डबा घेऊन जा, तीन-चार तास कसे जातात कळत नाही असं लोक म्हणतात, पण मला तर चांगलंच कळलं. भूक लागली होती.

कारण मी परत केला ना! तीन वर्षांपूर्वी. या खेपेला काळ्या मेंदीचा सगळा पाढा वाचला. ताई म्हणाल्या, आधी मेंदीचे केस वाढून कापले जाऊ देत, मग या. तेवढी थांबले. मग जाड रोलर, फक्त खालच्या अर्ध्या केसांना. सासूबाईंनी दारातच बघितलं आणि म्हणाल्या, "वाऱ्यात सापडलीस काय गं?" आठ दिवसांनी शेजारणीला त्याच सांगत होत्या, आमच्या सूनबाईचे केस बघा. लोकांच्या बोलण्याचं वळण पर्मपेक्षा लवकर उतरतं.

नंतरची निगा मोठी नाही, पण सवयी बदलाव्या लागतात. सुक्या केसांत बारीक फणी घालायची नाही. न्हाताना कंडिशनर लावलेला असतानाच रुंद दातांच्या कंगव्यानं गुंता काढायचा. टॉवेलनं खसाखसा पुसायचं बंद. आजीची जुनी मऊ सुती नऊवारी असेल तर तिचा तुकडा घे आणि केस खालून वर ओंजळीत धरून दाबत टिप. उशीला सॅटिनचा अभ्रा. बाजारात घ्यायला जाऊ नको, मी जुन्या सॅटिनच्या परकराचा शिवलाय, नाडीची पट्टी तेवढी आत घेतलीय. तेल बंद नाही, पण रविवारची ती चपचपीत चंपी नको. न्हायच्या आधी तासभर हलक्या हातानं लाव, बास.

आणि जवसाचं जेल. आपण चटणी करतो तेच जवस. दोन मोठे चमचे जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. अंड्याच्या पांढऱ्यासारखं सुळसुळीत झालं की गरम असतानाच पातळ कापडातनं गाळायचं. ओल्या केसांना लावून मुठीत दाबलं की लाटा जागेवर राहतात. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. पहिल्या वेळी मी टीव्ही बघत बसले आणि ते इतकं आटलं की गाळणीसकट पातेलं भिंतीला टांगता आलं असतं. दुसऱ्या वेळी नीट जमलं, वाटीत काढून ठेवलं, तर यांनी पोट साफ व्हायचा काढा समजून पिऊन टाकलं. काही झालं नाही, पोट साफ झालं. तेव्हापासून वाटीवर चिठ्ठी लावते.

चैत्रात जोतिबाला जाणार असशील तर तारीख बघून पर्म कर. पर्म केलेला केस जास्त शोषतो, गुलाल त्यात असा शिरतो की पुढच्या पौर्णिमेपर्यंत गुलाबी. रंगपंचमीचंही तेच. आणि लग्नसराईत अंबाडा, खोपा, गजरा? उलट आता टिकेल गं! वळणाच्या केसात आकडा घसरत नाही. तुझ्या त्या गजऱ्याचा प्रश्नच मिटला.

नाही आवडला तर? आठ-दहा दिवस थांब, नवं वळण जरा बसतं, आणि आरशातल्या बाईची ओळखही व्हावी लागते. अगदीच नको झालं तर खालून काप. फक्त "आता परत सरळ करून द्या" म्हणत दुसऱ्या आठवड्यात रिबाँडिंगला पळू नको. उसवणं आठवतंय ना?

माझी आतेबहीण जन्माची कुरळी. शाळेत तेल थापून, दोन वेण्या घट्ट वळून, लाल रिबिनी बांधून तिचे केस चापून बसवायचे. ज्या वर्षी मी पर्म करून खोपा झाले, त्याच वर्षी तिनं पैसे साठवून आपले सरळ करून घेतले. लग्नाच्या मांडवात आम्ही समोरासमोर आलो आणि दोघी इतक्या हसलो की भटजींनी मंगलाष्टक थांबवून बघितलं. आता ती नैसर्गिक कुरळे मोकळे सोडते आणि मला क्रीमची नावं पाठवते. मी तिला जवस पाठवते.

बरं, वाटाणे झाले. आता ऐक, लगेच तारीख घेऊ नको. आधी आठ दिवस कुरळ्या केसांत राहून बघ. रात्री केस ओलसर असताना पाच-सहा सैल वेण्या घालून झोपायचं, सकाळी सोडायच्या. फुकटचा पर्म, एका धुण्यात जातो. तसंच ऑफिसला जा, हेल्मेट घाल, आईसमोर बस, आरशात येता-जाता बघ. आठव्या दिवशीही आवडलं तर शनिवारी मी येते बरोबर, डबा माझा.

आज रात्री इथंच जेव. मटार उसळ होतेय. जेवण झालं की पाटावर पाठ करून बस, वेण्या मीच घालते. आणि येताना कपाटातली ती जुन्या परकरांची पिशवी घेऊन ये बघू, तुलाही एक अभ्रा शिवून टाकते.